खाली पोचलं की पुन्हा वर

मी पट्टी बोलतेय. फूटपट्टी म्हणवून घ्यायची सोय नाही, कारण मी फूटभर भरत नाही. बन्सी सुताराने मला घडवलं तेव्हा मापाला दुसरी पट्टी त्याच्याजवळ नव्हती. त्याने आपला अंगठा आडवा ठेवला, पटाशीने खूण केली, पुन्हा अंगठा ठेवला, पुन्हा खूण केली, आणि बारा खुणा झाल्यावर हात झटकले. बन्सी अंगाने काडीपैलवान, त्यामुळे माझे इंच जरा उपाशीच आहेत. त्यातही तो मधेच भाकरी खायला उठला होता. भाकरीनंतरचे इंच आधीच्या इंचांपेक्षा थोडे ऐसपैस आहेत.

असल्या मापावर सोनईच्या पलीकडच्या आमच्या वस्तीची अख्खी शाळा भूमिती शिकली. शाळा एका खोलीची, चौथीपर्यंतची, आणि गुरुजी एकच, गहिनीनाथ गुरुजी. एकदा शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. त्यांनी खिशातली सरकारी पट्टी काढून एका पोराने आखलेली सहा इंचांची रेघ मोजली. ती पाच भरली. साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "दुष्काळ आहे, साहेब."

साहेब हसले आणि शेरा न लिहिता चहाकडे वळले. त्या दिवसापासून गुरुजींबद्दल माझं मत जरा बरं झालं. त्याआधी ते फार वाईट होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. ते सांगते.

मूळची मी बाभळीची. झाडाचं मला फारसं आठवत नाही, शेंगांसाठी खाली ताटकळणाऱ्या शेळ्या तेवढ्या आठवतात. पुढे त्या लाकडाची पाभर झाली, म्हणजे पेरायचं अवजार, आणि मी त्या पाभरीच्या दांडीत होते. आप्पासाहेबांच्या मळ्यात मी कित्येक पेरण्या केल्या. बैल रानाच्या खालच्या टोकाला पोचले की बांधाजवळ वळायचे आणि शेजारून लगेच पेरत वर यायचे. खालून रिकामं वर जायचं आणि दर वेळी वरूनच पेरायला घ्यायचं, असला येडेपणा बैलसुद्धा करत नाहीत. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं रामायण यावरूनच झालं.

एका पेरणीत दांडी दगडाला अडकून मोडली. त्या मोडक्या तुकड्यातून बन्सीने मला काढलं. गुरुजींनी पट्टी मागितली होती ती रेघा मारायला, निदान बन्सीला तरी तसंच सांगितलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून रेघा किती मारल्या गेल्या आणि पोरं किती मारली गेली हे कुणी पाहिलं असतं, तर मला शाळेत न ठेवता पोलीस चौकीत ठेवलं असतं. पोरांनी माझ्यावर नाना उपाय केले. तळहातावर केस ठेवला की पट्टी मोडते म्हणून शाळेतल्या मुलींच्या वेण्या विरळ व्हायला लागल्या. एकाने मला कांदा चोळला. माझं काही बिघडलं नाही, गुरुजींच्या हाताला मात्र दोन दिवस वास येत होता. मार गुरुजींचा, बदनामी माझी, असा आमचा संसार चालला होता.

त्या वर्षी चौथीत दया होती. वस्तीच्या कडेला ख्रिस्ती लोकांची पाचसहा घरं, त्यातलं एक तिचं. आई सारा आप्पासाहेबांच्या मळ्यात मजुरीला जायची. बाप कृपादान श्रीरामपूरकडे साखर कारखान्यात हंगामी कामाला, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. दयाचं डोकं असं, की गुरुजी फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवतात न ठेवतात तोवर हिचं उत्तर तयार. बोलणं मात्र फटकळ. गुरुजी म्हणायचे, हिच्या जिभेला हाड नाही, आणि मला वाटायचं, बरंय, नाहीतर त्यावरही मला पडावं लागलं असतं.

पाचवीला सोनईला जायचं तर दोन कोस पायपीट आणि वाटेत ओढा. साराने आधीच सांगून टाकलं होतं, "पोरीच्या जातीला एकलीला धाडायची न्हाई." म्हणजे जून उजाडला की दयाच्या हातात पाटी जाऊन खुरपं येणार होतं, कायमचं. एकच वाट होती. नगरला मिशनच्या मुलींचं एक बोर्डिंग होतं. खेड्यापाड्यांतल्या पोरींना तिथे थोड्या जागा फुकट असायच्या, राहणं, जेवण, शाळा, सगळं. पण त्यासाठी परीक्षा द्यायची होती.

गुरुजी या परीक्षेच्या मागे हात धुऊन लागले. त्यांच्या शाळेतलं एकही पोर आजवर वस्तीबाहेरची कुठली परीक्षा पास झालेलं नव्हतं. दया गेली असती तर वस्तीत त्यांना तोंड वर करून फिरता आलं असतं. यात दयाचं कल्याण किती आणि गुरुजींची हौस किती, हे मी काही मोजलं नाही. माझ्या इंचांवर भरवसा तरी कोण ठेवणार?

बोर्डिंगाकडून नमुन्याचा कागद आला आणि गुरुजींच्या कपाळावर आठी पडली. परीक्षा नव्या धर्तीची होती. प्रश्नांचा कागद वेगळा, उत्तरांचा वेगळा. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यातल्या बरोबर पर्यायाचा आकडा उत्तराच्या कागदावरच्या चौकोनात टाकायचा, बस. चौकोन एकाखाली एक, असे दोन रकाने, डावा आणि उजवा. चौकोनांना नंबरसुद्धा नव्हते. डावीकडून सुरुवात करावी आणि क्रमाने उत्तरं लिहावीत, एवढंच वर छापलं होतं. छापणाऱ्याला वाटलं असेल, पुढचं कुणालाही कळतं. हा 'कुणालाही' माणूस आमच्या वस्तीवर कधी आलेला नव्हता.

गुरुजींनी तसेच कागद हाताने आखले, अर्थात माझ्याच मदतीने, आणि दयाचा सराव सुरू केला. शाळा सुटली की ती चटईवर बसायची आणि मी तिच्या शेजारी पडून असायचे. तिचं पेन्सिल चालवणं बघत राहावं असं होतं. डावा रकाना सरसर खाली उतरायची. तळाला पोचली की क्षणभर हात झटकायची, आणि मग शेजारच्या रकान्याचा सगळ्यात खालचा चौकोन धरून तशीच सरसर वर यायची.

मी बघतच राहिले. पाभरीत असताना मी तरी दुसरं काय केलं होतं? पोरगी लहानपणापासून आईबरोबर खुरपायला जात होती. खुरपणीत बाया ओळीने बसतात, एकेकीने रानाचा एकेक पट्टा धरायचा, त्याला पात म्हणतात. खालच्या बांधापर्यंत पात नेली की तिथेच वळून दुसरी पात धरायची आणि खुरपत वर यायचं. दयाचा हात तेच करत होता. मला सगळं कळत होतं, पण लाकडाला तोंड नसतं, आणि ज्यांना तोंड होतं ते विचारत नव्हते.

गुरुजींनी कागद तपासला. डावा रकाना सगळाच्या सगळा बरोबर. उजव्यात अधूनमधून एखादं बरोबर, बाकी सगळा आनंद. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गुरुजींनी डोकं खाजवून निष्कर्ष काढला, की पोरगी डावीकडे डोकं लावते आणि उजवीकडे मटका लावते.

"उजवीकडं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई. सारखंच केलं की," दया म्हणाली.

"सारखं केलंस तर सारखं का येत नाही?"

"त्ये तुमी तपासता, तुमास्नी ठाऊक."

झालं. गुरुजींचा पारा चढला आणि मी उचलले गेले. उजवा हात लिहायला लागतो म्हणून डावा पुढे करायला सांगितला, एवढी त्यांची दया. तीन पट्ट्या बसल्या. पोरगी रडली नाही. हात काखेत दाबून उभी राहिली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, की मला परत बाभळीत जाऊन लपावंसं वाटलं. एरवी मी कुणाच्या हातावर पडले तर फारसं मनाला लावून घेत नाही, पण त्या तीन मला अजून सलतात. तिने सगळी उत्तरं बरोबर काढली होती. फक्त ती भलत्या घरात राहायला गेली होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गुरुजी मला काखेत मारून मळ्याकडे निघाले. काखेत मला ठेवायचे ते वाटेतल्या कुत्र्यांसाठी. साराला सांगून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं, की पोरीला नगरला नेण्यात राम नाही.

मळ्यात उन्हाळी भुईमुगाची खुरपणी चालली होती. बाया पाती धरून बसल्या होत्या, दयाही आईच्या शेजारच्या पातीवर होती. गुरुजी वरच्या बांधावर उभे राहून म्हणाले, "साराबाई, जरा बोलायचंय."

"बोला की," सारा म्हणाली आणि खुरपं न थांबवता पुढे सरकली. दुसऱ्याच्या रानात मजुरीला आलेली बाई हात थांबवून बोलत नाही, हे गुरुजींच्या ध्यानात नव्हतं. मग ते धोतर सावरत तिच्या बाजूने चालत बोलू लागले. पोरगी हुशार आहे, पण अर्ध्याच कागदापुरती. पुढं तिचं चित्तच राहत नाही. नगरला नेऊन उगीच हसं होईल. साराचं खुरपं जरा जोरात चालायला लागलं होतं.

खालचा बांध जवळ आला तशी गुरुजींना ऊन जाणवायला लागलं. वर लिंबाची सावली होती. ही पात संपली की ही बाई दुसऱ्या पातीसाठी वर येईल, तिथेच उरलेलं बोलू, अशा हिशेबाने ते वर चालत गेले आणि सावलीत उभे राहून घाम पुसत वाट बघू लागले. बराच वेळ झाला. सारा काही आली नाही. शेवटी वळून बघतात तर ती रानाच्या मध्यात, पण त्यांच्याकडे तोंड करून, खुरपत खुरपत वर येत होती. शेजारी दया तशीच.

"तुम्ही वर आला नाहीत?" गुरुजींनी विचारलं.

"रिकामी वर कशाला यिऊ?" सारा म्हणाली. "खाली हुते, तितनंच दुसरी पात धरली."

गुरुजींनी साराकडे पाहिलं, दयाकडे पाहिलं, मग हातातल्या माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? मी गेले चार दिवस तेच ओरडत होते. त्यांनी खिशातून सरावाचा कागद काढला आणि दया बांधापर्यंत पोचताच तिच्यासमोर धरला.

"डावीकडचं सगळं लिहून झालं. आता पुढचं उत्तर कुठं लिहायचं? बोट ठेव."

दयाने मातीचं बोट उजव्या रकान्याच्या सगळ्यात खालच्या चौकोनावर ठेवलं. गुरुजी बांधावरच बसले. त्यांनी तिथल्या तिथे उजवा रकाना खालून वर तपासला. एकही चूक नव्हती. मग त्यांनी दयाच्या डाव्या हाताकडे पाहिलं. सॉरी वगैरे म्हणायची पद्धत तेव्हा गुरुजी लोकांत नव्हती. त्यांनी मला गवतात ठेवलं, जरा लांब.

"दया, इथं खाली आलं की परत वर जायचं असतं," ते म्हणाले.

"रिकामं?"

"हो, रिकामं."

"का पन?"

गुरुजींनी विचार केला. मीही केला. "तशी रीत आहे," ते शेवटी म्हणाले.

रीत म्हटल्यावर कळतं, पण हाताला कळत नाही. पुढचे चार-पाच दिवस सरावाचे हाल झाले. सावकाश लिहिलं की दया आठवणीने वर जायची. घाई केली की हात तळाशीच वळायचा आणि खालून पात धरायचा. परीक्षेत तर घाईच असणार होती. गुरुजी रोज ओरडायचे, "वर, वर," आणि पोरगी दचकून आणखी चुकायची. मला त्यांनी एकदाही उचललं नाही, हे सांगायला पाहिजे. त्यांचा हात दोनदा माझ्यापर्यंत आला आणि परत गेला.

मग एका सकाळी दया शाळेतच आली नाही. परीक्षा आठवड्यावर आलेली. गुरुजी शाळा मॉनिटरच्या गळ्यात मारून, मला काखेत घेऊन, तरातरा मळ्यात गेले. इंजिन धडधडत होतं, विहिरीत होतं नव्हतं ते पाणी गुरांच्या घासाच्या रानाला सोडलेलं होतं, आणि दया खोरं घेऊन दारं धरत होती. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एकेका सरीत सोडणं. पाट रानाच्या वरच्या अंगाला. सरीच्या तोंडाशी मातीचा बांध असतो, तेच दार. ते खोऱ्याने फोडायचं, पाणी सरीत घ्यायचं, सरी तळापर्यंत भरली की ते दार बुजवायचं आणि पुढचं फोडायचं.

दया पाण्याबरोबर सरीच्या कडेने खाली जायची, तळाला पाणी पोचलेलं बघायची आणि धावत वर यायची. पुन्हा दार फोडायचं, पुन्हा खाली. गुरुजी बघत उभे राहिले. माणूस एकदा तोंडावर आपटला की थोडा वेळ तरी नीट बघतो.

"आता कशी रिकामी वर पळतेस?" ते म्हणाले.

"पानी खालनं वर जातंय व्हय, गुरुजी?" दया धापा टाकत म्हणाली. एवढं बोलून ती थांबली. खोरं तसंच हातात. गुरुजींच्या खिशातून कागदाचं टोक बाहेर आलं होतं, त्याकडे तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"म्हंजी त्ये खुरपन न्हाई तर," ती म्हणाली. "त्ये दारं धरनं हाय. तसं सांगायचं की आदी."

त्यानंतर एकदाही चुकली नाही. खरंच नाही. माझं कामही त्या दिवशी बदललं. दया मला चौकोनाखाली आडवी ठेवायची, म्हणजे मी बांध. उत्तर लिहिलं की मला एक चौकोन खाली सरकवायचं. एखादं उत्तर येत नसलं तर तो चौकोन कोरडा सोडायचा आणि मला तसंच पुढे न्यायचं, म्हणजे एकाचं पाणी दुसऱ्याच्या सरीत शिरत नाही. तळाला आलं की मला उचलून उजव्या रकान्याच्या डोक्याशी न्यायचं आणि तिथे टक्कन टेकवायचं. ते दार फोडणं. मारायला घडवलेली मी, पण या कामात मला जी मजा आली ती पेरणीनंतर पहिल्यांदाच.

परीक्षेच्या दिवशी आम्ही चौघं यष्टीने नगरला गेलो, गुरुजी, सारा, दया आणि मी. बोर्डिंगच्या दारात पोरींची ही गर्दी. श्रीरामपूरच्या पोरी रिबिनी बांधून आलेल्या, भिंगारहून एक आलेली तर बूट-मोजे घालून. दयाच्या पायात काही नव्हतं. सारा तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली. गुरुजींनी ती प्रार्थना संपेपर्यंत कशीबशी कळ काढली आणि म्हणाले, "खाली पोचलं की?"

"पुन्ना वर," दया म्हणाली.

"आमेन," गुरुजी म्हणाले. ते नाथपंथी घरातले, पण त्या दिवशी त्यांना कुणाचंच वावडं नव्हतं.

परीक्षेच्या खोलीच्या दारात एक बाई उभ्या होत्या, पांढरं पातळ, नाकावर चष्मा. पेन्सिल आणि खोडरबर सोडून आत काही न्यायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. दयाच्या हातात मी.

"हे काय?"

"पट्टी हाय, बाई."

"आणि ह्या खुणा कसल्या?" त्यांनी मला चष्म्याजवळ नेलं. "काही लिहून आणलंस?"

"इंच हायेत त्ये."

बाईंनी माझे इंच एकदा आधीच्या बाजूने आणि एकदा भाकरीनंतरच्या बाजूने पाहिले. "हे इंच आहेत?" त्या म्हणाल्या, आणि मला आपल्या टेबलावर ठेवून दिलं. जन्मात माझा एवढा अपमान झाला नव्हता. पण अपमानाचं नंतर बघू, मला घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीने. माझ्याशिवाय पोरगी काय करणार?

टेबलावरून मला दयाचा कागद दिसत नव्हता. पुढच्या पोरीची पाठ आडवी येत होती. दिसत होतं ते फक्त तिचं उजवं कोपर. घंटा झाली. कोपर लांब होतं, म्हणजे ती वरच्या चौकोनाशी होती. मग ते हळूहळू अंगाकडे यायला लागलं. मधे एकदा पुढची पोरगी शिंकायला वाकली तेव्हा मला नीट दिसलं. माझ्या जागी तिने डावा हात कागदावर आडवा ठेवला होता, बोटं जुळवून, आणि एकेक चौकोन खाली सरकवत होती. ज्या हातावर मी तीनदा पडले होते, तोच हात. लाकडाला गहिवर येत नाही म्हणतात, ते म्हणणाऱ्याने कधी लाकूड होऊन बघितलेलं नाही.

कोपर अंगाला येऊन टेकलं. डावा रकाना संपला. आता ते लांब जायला हवं होतं, पण गेलं नाही. आजूबाजूला पेन्सिली खसखस चालत होत्या, बूटवालीने तर प्रश्नांचं पान उलटलं. दयाचं कोपर तिथेच. दुसरी पात धरली की काय पोरीने? मी टेबलावर पडल्या पडल्या पाभरीच्या सगळ्या बैलांना शिव्या घातल्या.

तेवढ्यात दयाने पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही हात हवेत धरले आणि खोरं मारावं तसे समोर हाणले.

"काय गं, काय चाललंय?" बाई म्हणाल्या.

"दार फोडते, बाई."

बाईंनी घाबरून खोलीच्या दाराकडे बघितलं. ते ठीक होतं. तोवर दयाने पेन्सिल उचलली होती आणि तिचं कोपर लांब गेलं होतं, पार लांब, वरच्या चौकोनापर्यंत. मग मी निवांत पडले आणि खिडकीतून चिमण्या बघत बसले.

परीक्षा संपल्यावर बाईंनी मला परत दिलं. बाहेर गुरुजींनी गणितं कशी होती वगैरे काही विचारलं नाही. "वर गेलीस?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "गेले." त्यांनी तिथेच तिला आणि साराला उसाचा रस पाजला.

निकाल बघायला गुरुजी एकटेच नगरला गेले, मी काखेत होतेच. फळ्यावर लावलेल्या यादीत दयाचं नाव होतं. ते त्यांनी बोट लावून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग शेजारी उभ्या असलेल्या परक्या माणसाकडून वाचून घेतलं. परत आले ते घरी न जाता थेट मळ्यात. खुरपणी चालली होती, बाया नुकत्याच खाली निघाल्या होत्या. या वेळी गुरुजी सावलीत थांबले नाहीत. खालच्या बांधावर जाऊन उन्हात उभे राहिले आणि सारा तिथे पोचेपर्यंत वाट बघितली.

"पोरगी लागली, साराबाई," ते म्हणाले.

साराने राहिलेली हातभर पात पुरी केली. मग बांधावर बसून पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडली. मुकादमसुद्धा पाठ वळवून दुसऱ्या पातीकडे गेला.

जूनमध्ये दया निघाली. पत्र्याची पेटी, नवा फ्रॉक, पायात चपला. सोनईच्या स्टँडवर यष्टी उभी होती. दया खिडकीजवळ बसली, शेजारी सारा पोचवायला निघालेली. गुरुजी खाली, हातात मी. कंडक्टरने दार लावलं तशी गुरुजींनी मला खिडकीतून दयाच्या हातात दिलं आणि आपला डावा हात उघडून वर धरला.

"त्या दिवशीच्या तीन," ते म्हणाले. "आता तू घाल."

सारा म्हणाली, "अवो गुरुजी, आसं काय करता? लेकरू हाय त्ये." गाडीतले लोक माना काढून बघायला लागले. मला वाटलं, पोरगी लाजेल, नको म्हणेल, पाया बिया पडेल. दयाने मला नीट मुठीत धरलं आणि सणसणीत एक ठेवून दिली. खरी. गुरुजींच्या डोळ्यांत पाणीच आलं, आता ते कशाने, हे मी सांगायला जात नाही. गाडीभर हशा पिकला.

"दोन राहिल्या," गुरुजी हात झटकत म्हणाले.

"नाताळाच्या सुट्टीत येते की," दया म्हणाली. मला तिने खिडकीतून परत त्यांच्या हातात दिलं. गाडी हलली आणि गुरुजी धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभे होते.

हे सगळं झालं त्याला आता सहा महिने होतील. पाऊस आलाच नाही. आप्पासाहेबांची विहीर आटली, भुईमुगाचं नाव नाही, सारा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाते. मागे ती नगरला जाऊन पोरीला भेटून आली. दया दोन वेळा पोटभर जेवते, अंगावर आली आहे, आणि तिथल्या बाईंना उलटून बोलते, असं तिने गुरुजींना सांगितलं. शेवटचं ऐकून गुरुजींना फार बरं वाटलं.

माझं म्हणाल तर माझं काम निम्म्याने घटलंय. गुरुजी मारत नाहीत असं नाही. पण मला उचलायच्या आधी आता पोराला विचारतात, "कुठनं कुठं गेलास ते दाखव," आणि पोर बोट फिरवून दाखवेपर्यंत त्यांचा अर्धा राग उतरलेला असतो. तुमच्याही घरात एखादी पट्टी असेलच, तिच्या वतीने एवढंच मागणं आहे. उरलेला वेळ मी रेघा मारते. त्या अजून आखूडच येतात, आणि दुष्काळही अजून आहेच, त्यामुळे कुणी काही म्हणत नाही.

परवा नाताळ आहे. उद्याच्या यष्टीने दया येणार. आज दुपारी शाळा सुटल्यावर गुरुजींनी कपाटातून करडईच्या तेलाची बाटली काढली, मला मांडीवर घेतलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, माझ्या उपाशी इंचांसकट, चांगलं चोळून चोळून तेल लावलं. मग डावा हात समोर धरला, मला त्यावर हलकेच एकदा टेकवून पाहिलं, आणि स्वतःशीच हसले.